घरातल्या मारहाणीविरुद्धच्या मोहिमेत पुरुष कसे आले

गोव्याच्या समान नागरी कायद्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असायलाही हवा. पोर्तुगिजांची 1867 ची नागरी संहिता इथं 1870 पासून लागू झाली. लग्नानंतरच्या मालमत्तेत बायकोला निम्मा वाटा मिळतो तो या संहितेमुळेच. पण त्याच संहितेच्या 1185 व्या कलमात नवऱ्यानं बायकोचं रक्षण करावं आणि बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, असंही लिहिलेलं होतं. पोर्तुगालात 1910 साली प्रजासत्ताक आलं, घटस्फोटाचा कायदा झाला आणि छळ हे काडीमोडाचं कारण ठरलं. कागदावरची आज्ञा गेली. घरातली गेली नाही, म्हणून हा पुढचा सगळा इतिहास घडला.

मराठी मुलखात या प्रश्नाला मोठी वाचा फुटली ती 1982 साली. पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन गावोगाव नेलं. त्यातूनच नारी समता मंच उभा राहिला. पुढच्याच वर्षी भारतीय दंड संहितेत, नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेला छळ गुन्हा ठरवणारं 498-अ कलम आलं. त्याच दशकात गोव्यात ‘बायलांचो साद’सारख्या गटातून बायका एकत्र येऊन रस्त्यावर उतरू लागल्या. मारहाण ही चार भिंतींआडची गोष्ट नाही, हे बायकांनी बायकांच्या बळावर सिद्ध केलं. पुरुषांच्या सहभागाबद्दल बोलताना ही गोष्ट कधीही विसरता कामा नये. आज आपण ज्या वाटेवरून चालतो ती त्यांनी शिव्याशाप खाऊन केलेली आहे.

पुरुषांना हाक मारायची कल्पना नव्वदच्या दशकात रुजली. कॅनडात माँट्रियलच्या तंत्रशिक्षण संस्थेत 6 डिसेंबर 1989 रोजी एका बंदूकधाऱ्यानं 14 बायकांना ठार मारलं. त्यानंतर 1991 मध्ये तिथल्या काही पुरुषांनी पांढरी फीत लावून मोहीम सुरू केली. त्याच वर्षी मुंबईत पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बायको मारण्यासाठी नसते असं मानणारे पुरुष हवेत, असा तिचा आशय होता. 205 जणांनी उत्तर पाठवलं. त्यांच्यातूनच 1993 साली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना स्थापन झाली. हरीश सदानी यांनी ती नेटानं चालवली, आणि ‘पुरुष स्पंदनं’ हा तिचा वार्षिक अंक मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. पुरुषानं पुरुषाशी मराठीत बोलायचं, आणि तेही राग, लाज, मर्दानगी यांविषयी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाची माहिती अजूनही फार थोड्यांना आहे. हिंसा होते आहे किंवा होईल असं वाटलं तर कोणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘बेल बजाओ’ मोहिमेचं सूत्रही तेच होतं: शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला की दार वाजवायचं, वाटीभर दूध मागायच्या निमित्तानं का होईना. ‘घरचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा’ या सबबीवर ती थेट बोट ठेवत होती.

आपल्याकडचं जागृतीचं काम मात्र बराच काळ फक्त बाईशी बोलत राहिलं. सरकारी कचेरीतलं नेहमीचं पोस्टर डोळ्यांसमोर आणा: गुडघ्यांत डोकं घातलेली बाई आणि खाली 181 हा महिलांच्या मदतीचा फोन क्रमांक. दाखल्यासाठी थांबलेला पुरुष त्याकडे बघतो आणि हे आपल्यासाठी नाही असं समजून पुढे सरकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2005-06 साली देशातले 51 टक्के पुरुष कुठल्या ना कुठल्या कारणासाठी बायकोला मारणं योग्य मानत होते. 2019-21 मध्ये ते 44 टक्के होते. कायद्याची पंधरा वर्षं आणि घट सात टक्क्यांची.

गोव्यात आणखी एक अडसर आहे तो दारूच्या सबबीचा. ‘प्यालेला होता, एरवी माणूस देव आहे’ हे वाक्य पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकू येतं. इथल्याच ‘संगाथ’ संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपान करणाऱ्या 377 पुरुषांवर समुपदेशनाची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुषांचं पिणं आटोक्यात आलं, न मिळालेल्यांत 26 टक्क्यांचं. जोडीदारावरच्या हिंसेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. दारूवर उपचार हवेतच, पण हात उगारण्याचा हक्क आपल्याला आहे ही समजूत बाटलीबरोबर आपोआप सुटत नाही. त्यावर वेगळंच बोलावं लागतं.

आणि ते बोलायला गोव्यात जागा आहेत. जत्रेच्या नाटकाच्या तालमी, भजनी मंडळं, शिगम्याचे मांड, फुटबॉलचे क्लब: पुरुष इथं रोज जमतात, एकमेकांचं ऐकतात. मुंबईत ‘परिवर्तन’ उपक्रमानं क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच तयार करून मुलांशी बोलतं केलं, तसं इथं तालीम मास्तरांना करता येईल. मात्र असा कार्यक्रम आखताना तालुक्यातल्या महिला गटाला आधी विचारावं, त्यांच्या आश्रयगृहाचा आणि समुपदेशनाचा पैसा इकडे वळवू नये. आणि मंडळातल्याच कुणाविरुद्ध त्याच्या बायकोनं तोंड उघडलं तर ‘आपलाच माणूस’ म्हणून ते आपसात मिटवू नये. तिला विचारून, ती म्हणेल तर तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्याकडे जावं.