याचना-दिन

ख्रिस्ती उपासनावर्षात ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारापूर्वी येणारे सोमवार, मंगळवार व बुधवार. लॅटिन ‘रोगारे’ म्हणजे मागणे. त्यावरून ‘रोगेशन’ हे नाव पडले. उपवास, क्रूसामागून निघणारी मिरवणूक आणि संतांची लितानी (एकाने म्हणायच्या विनंत्या व इतरांनी द्यायचे ठरावीक उत्तर अशी प्रार्थना) ही या दिवसांची मुख्य अंगे. शिवारातील पिकांना आशीर्वाद मागण्याचे दिवस अशीच त्यांची आज ओळख आहे. मात्र त्यांच्या उगमाचे जुने दाखले भूकंप व आगीविषयी बोलतात.

उगम : या प्रथेचे श्रेय गॉलमधील (आजचा फ्रान्स) व्हिएन शहराचा बिशप मामेर्तुस याला दिले जाते. ऱ्होन नदीकाठच्या या शहराचा ऑस्ट्रियातील व्हिएन्नाशी घोटाळा करू नये. प्रथेचा आरंभ सामान्यतः ४७० च्या सुमारास धरतात. तो अंदाजच समजावा. क्लेरमाँचा बिशप सिदोनियुस आपोल्लिनारिस याने मामेर्तुसला लिहिलेले पत्र बहुधा ४७३ चे असून, गॉथ चालून येत असताना आपल्या शहरानेही ही प्रथा उचलल्याचे तो त्यात कळवतो. तेव्हा आरंभ त्याआधीचा, एवढे खात्रीने म्हणता येते.

घटनांचा तपशील तीन लेखकांकडून मिळतो. सिदोनियुस समकालीन. व्हिएनचा नंतरच्या काळातील बिशप आवितुस याला लहानपणी मामेर्तुसनेच बाप्तिस्मा दिला होता. तूरचा ग्रेगरी (मृत्यू ५९४) सुमारे शतकानंतरचा. वारंवार धरणीकंप, आगी आणि भर शहरात शिरलेली जनावरे हा भाग तिघांतही येतो. सिदोनियुसच्या पत्रात चौकात येऊन बसणारी हरणे आहेत. ग्रेगरीकडे त्यांच्या जोडीला लांडगेही येतात. ईस्टरच्या जागरणरात्री शहराच्या माथ्यावरची मोठी इमारत पेटली, लोक चर्च सोडून पळाले आणि मामेर्तुस एकटा वेदीपाशी राहिला, हा प्रसंग आवितुसच्या प्रवचनातील आहे. प्रसंग रंगवलेला असला तरी इमारत जळाल्याचे अमान्य करण्यास कारण दिसत नाही.

भूकंपांविषयी मात्र मतभेद आहेत. व्हिएनचा परिसर मोठ्या भूकंपांचा नव्हे. १९ व्या शतकात काही अभ्यासकांनी सिदोनियुस व आवितुस यांच्या वर्णनांवरून जवळच्या ओव्हेर्न्य प्रदेशातील ज्वालामुखी ५ व्या शतकात जागृत असल्याचे अनुमान काढले होते. ते आता टिकत नाही. त्या पर्वतरांगेतील अखेरचे उद्रेक सुमारे ६ ते ७ हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहेत, आणि इतक्या जवळ उद्रेक झाला असता तर राखेचा व लाव्हाचा उल्लेख तिघांपैकी एकाने तरी स्पष्ट केला असता. मध्यम तीव्रतेचे लागोपाठचे धक्के आणि लाकडी बांधकामांना लागणाऱ्या आगी एवढे मानले तरी या वर्णनांचा उलगडा होतो.

मामेर्तुसने प्रथा नव्याने सुरू केली की जुनीच शिस्तीत आणली, हा दुसरा वाद. आपेर नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात सिदोनियुस सांगतो की, पूर्वीही अशा याचना होत. पण त्या विस्कळीत, कोमट, जांभया देत केलेल्या असत आणि जेवणासाठी मधेच थांबत. मागणे असे पावसाचे किंवा उघडिपीचे. त्यामुळे कुंभार आणि माळी यांनी एकत्र यावे अशी ती प्रार्थनाच नव्हती. मामेर्तुसने तिथे उपवास, पश्चात्ताप आणि अश्रू आणले. या साक्षीवरून दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. आपल्याकडच्या ‘धोंडी धोंडी पाणी दे’शी याचना-दिनाची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती लागू पडते ती मामेर्तुसच्या आधीच्या प्रकाराला.

प्रसार : ५११ च्या ऑर्लेआं धर्मसभेने हे तीन दिवस सर्व गॉलमध्ये बंधनकारक केले व दासदासींना कामातून मोकळीक दिली. रोममध्ये ते पोप तिसरा लिओ (७९५–८१६) याच्या काळात आले. तिथे २५ एप्रिलची ‘मोठी लितानी’ ही याचना-मिरवणूक आधीपासून होती. गव्हावरील तांबेऱ्याचा देव रोबिगुस याचा जुना रोमन उत्सवही २५ एप्रिललाच असे. मोठी लितानी हे त्याचेच ख्रिस्ती रूप, असे पूर्वीचे अभ्यासक सरसकट लिहीत. तारीख जुळते, विधीत सातत्य होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. इंग्लंडमध्ये ७४७ च्या क्लोव्हेशो धर्मसभेला या दिवसांतले खेळ, घोड्यांच्या शर्यती आणि मेजवान्या बंद कराव्या लागल्या. पुढे तिथे मिरवणुकीला गावाच्या शिवेची फेरी जोडली गेली. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनेही १५१९ च्या प्रवचनात या मिरवणुकांतील दारूबाजीवर टीका केली. रोमन पंचांगाच्या १९६९ च्या सुधारणेनंतर हे दिवस कधी व कसे पाळावेत हे त्या त्या देशाच्या बिशप-परिषदेवर सोपवले आहे.

धर्मविचार : संतांच्या लितानीत वीज व वादळ, भूकंप, रोगराई, दुष्काळ आणि युद्ध यांची नावे घेऊन प्रत्येकामागे ‘हे प्रभो, आम्हाला सोडव’ असे म्हणतात. यांत भूकंपाच्या आधी ‘फ्लागेल्लुम’ म्हणजे कोरडा (चाबूक) हा शब्द येतो. कोरडा म्हटला की तो कोणाच्या हातात, हा प्रश्न आलाच. याचना-दिनाच्या जुन्या प्रवचनांचा कल आपत्तीला ईश्वरी शिक्षा मानण्याकडे आहे. बायबलमधील योना संदेष्ट्याच्या इशाऱ्यावरून उपास धरणारे निनवेचे लोक हा त्यांचा आवडता दाखला. याउलट लूकच्या शुभवर्तमानात (१३:४) शिलोह येथील बुरूज कोसळून मेलेले १८ जण इतरांहून अधिक दोषी नव्हते, असे येशू स्पष्ट सांगतो, आणि लगेच ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाला बोलावतो. मामेर्तुसची प्रथा या दुसऱ्या वाक्याशी अधिक जुळते. १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट संघाच्या धर्मगुरूने पापांमुळेच शहर पडले असे पुस्तिका काढून सांगितले व राजधानीबाहेर घालवला जाणे ओढवून घेतले. त्याला घालवणाऱ्या सरकारच्याच काळात १७५६ मध्ये फ्रान्सिस बोर्जिया हा जेझुइट संत पोर्तुगालचा भूकंपरक्षक ठरला, हे विशेष.

गोवा व मुंबई : संकटकाळच्या सामूहिक याचनेची येथील ठळक खूण म्हणजे रस्त्याकडेचे क्रूस. मुंबईत वांद्रे, गिरगाव अशा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतील कित्येक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या वेळी उभारलेले आहेत. त्यांच्यापुढे आणि गोव्यातील वाड्यावाड्यांच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) म्हटली जाणारी लदीन (पोर्तुगीज ‘लादाइन्या’वरून) बहुधा मरियेची असते, संतांची नव्हे, त्यामुळे तिला याचना-दिनाची थेट वारस म्हणता येत नाही. काळ मात्र तोच, एप्रिल-मे. क्रूसाला चुना काढतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात, आणि लदीन संपल्यावर उकडलेले चणे वाटतात, संपण्याआधी नव्हे.