गरुड शोधायला गेले, कासव भेटलं

मार्चच्या पहाटे कोकणातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यावरची टोपली उचलली जाते, आणि खालच्या वाळूत काळपट पिल्लांची वळवळ दिसते. तळहातात सहज मावेल एवढं एकेक पिल्लू. ओल्या वाळूवर सोडलं की परांनी रेघोट्या ओढत ते पाण्याकडे निघतं. पहिली लाट त्याला उलटं मागे फेकते, ते पुन्हा निघतं. त्यातलं नर कोण आणि मादी कोण, हे अंड्यात असतानाच वाळूच्या उष्णतेनं ठरवून टाकलेलं असतं.

हा सोहळा सुरू झाला तो गरुडामुळे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्र गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत हिंडत होती. वेळासला त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचा माग लागला, आणि ती अंडी चोरीला जातात हेही कळलं. गरुडाची नोंद करून त्यांना पुढचा किनारा गाठता आला असता. ती थांबली, गावाशी बोलली आणि गावानंही ऐकलं. आज तिथं घराघरांत पाहुणे उतरतात आणि घरटी राखणाऱ्यांना कासवमित्र म्हणतात.

अशा गाठीभेटींवर मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी १९८२ साली एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की कोण कुणाला कधी भेटेल याचं भाकीत कुठलंही शास्त्र करू शकत नाही; पण भेटीनंतर काय होईल ते मात्र अभ्यासता येतं. एक बाजू आपली: अंगातलं कसब, आवडनिवड, मूल्यं. दुसरी बाजू समोरच्या गोतावळ्याची: तो काय देऊ करतो, आणि आत आलेल्याला मोकळं ठेवतो की बांधून घालतो. बँड्युरा स्वतः मानसशास्त्राकडे वळले तेही असेच. सोबतच्या मुलांचे वर्ग भल्या सकाळी असत, म्हणून तेही लवकर कॉलेजात पोचत. तो रिकामा तास भरायला त्यांनी हा विषय घेतला. तास योगायोगानं भरला, पण पुढे त्यात आयुष्य घातलं ते त्यांनीच.

मग योगायोग वाढवता येतो का? माझ्या मते थोडाफार येतो, आणि तो तोंडओळखीतून. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमीच्या भेटीतल्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून. पुढे लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाले. २०२२ साली छापलेला निष्कर्ष तसाच निघाला: नोकरी बदलायला मध्यम सैल ओळखी सर्वांत उपयोगी, अगदीच पुसट नव्हेत. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटू नये. वाडीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, म्हणून तीच बातमी घरोघर फिरते. नवी बातमी येते ती शिमग्याला आलेल्या चाकरमान्याबरोबर, नाहीतर वेसवी–बागमांडल्याच्या फेरीबोटीत शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाकडून.

एक सावधगिरी हवी. वळण लागलं त्याच भेटी आपल्या लक्षात राहतात. बोलून विसरलेल्या हजारो भेटी हिशेबात येतच नाहीत.

आणि योगायोग नेहमी हसतमुखानं येतो असंही नाही. दापोलीजवळच्या मुरुडचा धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा १८७५ साली, भर पावसात, घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेला गेला. तिथं त्याला सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परत पाठवलं. परीक्षेला बसू दिलं असतं तर काय झालं असतं, ते सांगता येणार नाही. शिक्षण त्यानं सोडलं नाही एवढं खरं. पुढे मुंबईत नरहरपंत जोशी हा मित्र मिळाला. या मित्राची विधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. पहिली पत्नी वारल्यावर, १८९३ साली, कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. मित्राच्या बहिणीची ओळख होणं हा योगायोग. त्या काळात विधवेशी उघड लग्न करणं ही निवड. बँड्युरांनी सांगितलेली दुसरी बाजूही लगेच दिसली: मुरुडनं त्यांना वाळीत टाकलं. तीन वर्षांनी पुण्यात कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम उभारला, आणि त्याच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्यांत गोदूबाईही होत्या.