यंत्र तेच, कर्ज नवे

यंत्रावरचे जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढायचे आणि यंत्र मात्र जागचे हलू द्यायचे नाही, याला रिफायनान्स म्हणतात. व्याजदर उतरले, हप्ता जड जाऊ लागला किंवा यंत्रात अडकलेला पैसा मोकळा करायचा असला, की आज कुठलाही उद्योजक दुसऱ्या बँकेचा दर विचारतो. त्यात काही विशेष आहे असे कुणाला वाटत नाही. प्रत्यक्षात यंत्रावर कर्ज मिळू लागले त्यानंतर बऱ्याच उशिरा, यंत्र हातात ठेवून त्या कर्जातून मुदतीआधी बाहेर पडण्याची वाट तयार झाली. तीही एकदम नव्हे.

मूळ अडचण ताब्याची. सोने गहाण ठेवले तर ते सावकाराच्या तिजोरीत जाते. यंत्र सावकाराच्या कोठारात गेले तर कमाई बंद आणि हप्ताही बंद. म्हणून ते कर्जदाराकडेच ठेवून त्यावर हक्क सांगता यायला हवा. इंग्रजी कायद्याला नेमके हेच खटकत होते. त्यामागे एक गाजलेला खटला आहे. पियर्स नावाचा इसम ट्वाइनचे 400 पौंड आणि आणखी एकाचे 200 पौंड देणे लागत होता. दुसऱ्याने दावा लावला तेव्हा पियर्सने आपली सुमारे 300 पौंडांची सगळी चीजवस्तू गुपचूप ट्वाइनच्या नावे लिहून दिली. माल मात्र त्याच्याकडेच राहिला. त्यातला काही त्याने विकला, मेंढ्यांची लोकर कातरली, त्यांच्यावर स्वतःची खूण उमटवली. 1601 साली स्टार चेंबर या इंग्रजी न्यायालयाने हा व्यवहार लबाडीचा ठरवला. माल एकाच्या हातात आणि हक्क दुसऱ्याचा, तोही गुप्त, म्हणजे दाल में काला हा संशय पुढे दोन-अडीच शतके टिकला.

रेल्वे आणि कारखाने वाढले तसे या संशयाला वळसा घालणे भाग पडले. एक वळसा नोंदीचा. 1854 च्या बिल्स ऑफ सेल कायद्याने असे दस्त सरकारदरबारी नोंदवायला लावले. गुपितच नाही तर लबाडी कशी म्हणणार? दुसरा वळसा जास्त चतुर होता: कर्ज द्यायचेच नाही, यंत्र भाड्याने द्यायचे. 1855 मध्ये बर्मिंगहॅम वॅगन कंपनी निघाली. ती कोळशाच्या खाणमालकांना मालडबे भाड्याने देई. अशा डब्यांवर मालक कोण हे सांगणारी लोखंडी पाटी ठोकलेली असे. डबा कुठल्याही रुळावर, कुठल्याही धनकोच्या दारात उभा असो, पाटी वाचली की विषय संपला.

अमेरिकेत हीच पाटी रेल्वेच्या इंजिनांवर आणि डब्यांवर दिसू लागली. तिथल्या रेल्वे कंपन्यांच्या जुन्या गहाणखतांत एक जाचक कलम असे: आजची मालमत्ता तर तारण आहेच, पुढे जे घ्याल तेही आपोआप तारणात येईल. मग नव्या इंजिनासाठी नवा सावकार पैसे का देईल? ‘फिलाडेल्फिया प्लॅन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीत इंजिनाची मालकी विश्वस्ताकडे राहायची, रेल्वे ते भाड्याने वापरायची आणि शेवटचा हप्ता फिटला की मालकी तिच्याकडे यायची. इंजिन रेल्वेचे नसल्यामुळे जुन्या गहाणखताला ते शिवताच येत नसे. नव्या पैशाने आलेल्या यंत्रावर पहिला हक्क त्या पैशाचा, हे तत्त्व असे रुजले. रिफायनान्सच्या पुढच्या साऱ्या वादांचे बीज यातच आहे.

वस्तू भाड्याने वापरत हप्ते भरायचे आणि शेवटी मालक व्हायचे, अशा भाडे-खरेदीला बळ दिले ते एका पियानोने. हेल्बीकडून हप्त्यांवर पियानो घेतलेल्या ब्रूस्टरने तो मॅथ्यूजकडे गहाण टाकला. 1895 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्स या तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की पियानो हेल्बीचाच. कारण असे की ब्रूस्टरला तो केव्हाही परत करून करारातून सुटण्याची मुभा होती. विकत घेण्याचे बंधन त्याच्यावर नव्हतेच, म्हणून तो ‘खरेदीदार’ नाही. यातली गंमत पाहा. बाहेर पडण्याची सोय करारात होती, पण तिचा फायदा झाला मालकाला. शिवाय बाहेर पडायचे तर वस्तू परत द्यायची. वस्तू ठेवून कर्ज तेवढे बदलायचे, हे या चौकटीत बसत नव्हते.

बँका तर या धंद्यात फिरकतच नव्हत्या. व्यापारी बँकेने माल विकला जाईपर्यंतचे, नव्वद दिवसांसारख्या अल्प मुदतीचे कर्ज द्यावे, अशी जुनी शिकवण होती. यंत्राचा पैसा अनेक वर्षांनी सुटतो. मग अल्प मुदतीचे कर्ज पुन्हा पुन्हा नवे करून वर्षे काढायची. बँकेने एखाद्या वेळी नकार दिला की कारखानदार उघड्यावर. 1930 च्या दशकातल्या महामंदीनंतर अमेरिकी बँका हप्त्यांनी फिटणारी कित्येक वर्षांची कर्जे उद्योगांना सर्रास देऊ लागल्या.

मुदत लांबली आणि नवा प्रश्न आला: मध्येच कर्ज मिटवले तर किती द्यायचे? संपूर्ण मुदतीचे व्याज आधीच मुद्दलात मिळवून हप्ते पाडलेले असत. त्यातले किती परत करायचे याचे ‘अठ्ठ्याहत्तराचा नियम’ नावाचे सूत्र 1935 मध्ये इंडियाना राज्याच्या कायद्यात आले. एक ते बाराची बेरीज 78. वर्षाच्या कर्जात पहिल्या महिन्याला व्याजाचे 12 भाग, दुसऱ्याला 11, असे करत शेवटच्याला 1. समजा एकूण व्याज 780 आहे आणि सहा हप्त्यांनंतर खाते बंद केले. सावकाराचे 57 भाग, म्हणजे 570, वसूल झाले. परत मिळतात 210. गणकयंत्रावर हिशेब करण्याची सोय नसलेल्या काळात कागदावर चटकन होणारे हे गणित होते आणि छोट्या मुदतीला ते घटत्या शिलकेच्या हिशेबाच्या जवळही जाते. मुदत पाच-सात वर्षांची आणि दर चढा असला की मात्र फरक वाढत जातो, आणि तो नेहमी कर्जदाराच्याच अंगावर येतो. अमेरिकेने 1992 मध्ये 61 महिन्यांहून लांब मुदतीच्या ग्राहककर्जांना हे सूत्र लावायला बंदी केली. ग्राहककर्जांना, हे महत्त्वाचे. धंदेवाल्याला आपले हित कळते असे कायदा गृहीत धरतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत आजही बहुतेक गोष्टी करारातल्या प्रीपेमेंटच्या, म्हणजे मुदतीआधी फेडीच्या, कलमावरच ठरतात. मला हे गृहीतक फारसे पटत नाही. एका लेथवर वर्कशॉप चालवणारा माणूस ग्राहकापेक्षा जास्त कायदा जाणतो असे मानायला काही आधार नाही.

तोवर तारणाच्या कायद्याचे कडबोळे झाले होते. चॅटल मॉर्गेज (जंगम वस्तूचे गहाण), सशर्त विक्री, ट्रस्ट रिसीट (सावकाराचा माल विश्वासाने कर्जदाराकडे ठेवल्याची पावती) अशा प्रत्येक प्रकाराचे नियम निराळे. 1952 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या यूनिफॉर्म कमर्शिअल कोडच्या, म्हणजे राज्यांनी स्वीकारायच्या सामायिक व्यापारी कायद्याच्या, नवव्या प्रकरणाने या सगळ्यांना एकच नाव आणि एकच चौकट दिली. सावकाराने एक छोटी सूचना नोंदवायची आणि कर्ज फिटले की ती संपुष्टात आल्याची नोंद करायची. बोजा चढणे-उतरणे कुणालाही तपासता येऊ लागले. कॅनडातले प्रांत, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया यांनी पुढे याच धर्तीचे कायदे केले.

तरीही एक गाठ उरली. यंत्र घेण्यासाठी दिलेल्या पैशाला यंत्रावर अग्रहक्क मिळतो. पण तेच कर्ज रिफायनान्स केले तर? नवा पैसा यंत्र घ्यायला नव्हे, जुने देणे फेडायला गेला, म्हणून अग्रहक्क पूर्ण गेला असे काही न्यायालये म्हणत. इतर न्यायालये म्हणत की जेवढी रक्कम मूळ खरेदीची उरली आहे तेवढ्यापुरता हक्क कायम, वर घेतलेल्या जादा रकमेपुरता नाही. जुलै 2001 पासून लागू झालेल्या सुधारित नवव्या प्रकरणाने, ग्राहकोपयोगी वस्तू सोडून इतर व्यवहारांसाठी, दुसरी बाजू उचलून धरली. कर्जाचे नूतनीकरण झाले, रिफायनान्स झाला किंवा दुसऱ्या कर्जात ते मिसळले तरी अग्रहक्क जात नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले.

रिफायनान्सला खरी हवा दिली ती व्याजदरांनी. डिसेंबर 1980 मध्ये अमेरिकेतला प्राइम रेट, म्हणजे बँकांचा उत्तम पतीच्या ग्राहकांसाठीचा दर, 21.5 टक्के होता. 1992 च्या उत्तरार्धात 6 टक्के. अशा उतारावर जुने कर्ज तसेच ओढत राहणे म्हणजे पैसे जाळणे. 2008 च्या संकटानंतर अडचण उलटी होती: दर तळाला, पण पत आटलेली. तेव्हा 2010 च्या स्मॉल बिझनेस जॉब्ज अॅक्टने छोट्या धंद्यांसाठीच्या ‘504’ या सरकारी कर्जयोजनेतून, व्यवसायाचा विस्तार नसला तरी, जुने कर्ज फेडायला दोन वर्षांपुरती परवानगी दिली. 2012 मध्ये ती संपली, 2016 मध्ये परत आली. जुलै 2023 पर्यंत फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा दर 5.25 ते 5.50 टक्क्यांवर पोचला, तेव्हा रिफायनान्सला येणाऱ्यांचे गणितही बदलले. दर कमी होणार नाही हे माहीत असूनही मुदत वाढवून महिन्याचा हप्ता खाली आणायचा, एकूण व्याज जास्त गेले तरी चालेल. अशा वेळी नवा सावकार आधी यंत्राचे वय विचारतो, कारण वाढवलेल्या मुदतीच्या शेवटी त्या यंत्राला सेकंडहँड बाजारात काय भाव येईल यावर त्याचे तारण उभे असते.