काचेचा बुद्ध थंड होताना

1987 साली यांग हुइशान या तैवानी अभिनेत्रीने सिनेमा सोडला. लागोपाठ दोन वर्षं गोल्डन हॉर्स हा तिकडचा मानाचा पुरस्कार घेतलेली ही बाई ऐन भरात असताना दिग्दर्शक चांग यी यांच्यासोबत काचेची भट्टी लावून बसली. तैवानमधल्या तामसुइ गावात सुरू झालेल्या या कार्यशाळेचं नाव ल्यूली कुंगफांग. काच ओतण्याचं तंत्र दोघांनाही येत नव्हतं. पहिली काही वर्षं हाती लागल्या त्या फुटक्या काचा, आणि डोक्यावर चढलं ते कर्ज.

यांग यांच्या कामात भैषज्यगुरू बुद्ध, म्हणजे रोग बरे करणारा बुद्ध, पुन्हा पुन्हा येतो, आणि ते साहजिकच आहे. या बुद्धाच्या सूत्रात बारा प्रतिज्ञा आहेत. त्यांतली एक म्हणते, मला बोधी मिळेल तेव्हा माझं शरीर वैडूर्य या रत्नासारखं आतबाहेर निर्मळ असो. दगडात किंवा काशात हे साधणार कसं? काचेत साधतं, पण काच ते सुखासुखी होऊ देत नाही.

पद्धत आपल्याकडच्या पंचधातूच्या मूर्तिकारांना ओळखीची वाटेल. आधी मातीची मूर्ती, तिच्यावरून रबरी साचा, त्यातून मेणाची प्रतिकृती. मेणाभोवती प्लास्टर आणि सिलिकाचं मिश्रण ओतून ते घट्ट झालं की वाफ देऊन मेण काढून टाकायचं. इथवर सगळं सारखं. पुढे मात्र वितळलेला रस ओतण्याऐवजी काचेचे तुकडेच साच्यात भरतात आणि साच्यासकट भट्टीत ठेवतात.

याचं कारण काचेच्या स्वभावात आहे. शुद्ध धातूला ठरावीक वितळणबिंदू असतो, काचेला नसतो. ती तापत जाते तशी हळूहळू मऊ होत जाते. या कामाला वापरतात ती शिसंमिश्रित काच, म्हणजे लेड क्रिस्टल, 850 अंश सेल्सिअसच्या आसपासही थंडीतल्या काकवीपेक्षा कितीतरी दाट असते. ती आपल्याच वजनाने सावकाश साच्याच्या कानाकोपऱ्यात उतरते, आणि तुकड्यांमधल्या फटींतली हवा आत अडकते.

मग बुडबुडे. एवढ्या दाट काचेत एक मिलिमीटरचा बुडबुडा तासाला जेमतेम काही मिलिमीटर वर चढतो. आकार निम्मा झाला की वेग चौपट कमी होतो. म्हणजे बारीक बुडबुडे मूर्तीत कायमचे राहणार. अशा बुडबुड्यांकडे बघून अनित्यतेची आठवण काढणारे बरेच असतात. मला त्यात थोडा विक्रीचा सूर ऐकू येतो. तरी काढता न येणाऱ्या गोष्टीला शिल्पात जागा करून देणं हेही कौशल्यच.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. काच झटकन थंड झाली तर बाहेरचा थर आधी कडक होतो. आतला भाग नंतर आकसू पाहतो, पण बाहेरचं कवच त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत कायमची कोंडली जाते. मूर्ती वरून धडधाकट दिसते आणि घासताना, किंवा महिन्यांनी कुणी हात न लावताही, तडकते. म्हणून भट्टी लेड क्रिस्टलसाठी साधारण 450 अंशांच्या आसपास आणून तिथेच बराच वेळ रोखून धरतात आणि मग अगदी सावकाश खाली उतरवतात. या क्रियेला ॲनिलिंग म्हणतात. ताण उरला आहे का, हे बघायला एकमेकांना आडव्या धरलेल्या दोन ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) पट्ट्यांमध्ये काच ठेवतात. ताण असेल तिथे रंगीत पट्टे उमटतात.

यातलं गणित निर्दय आहे. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दहापट झाली की वेळ शंभरपट. कॅलिफोर्नियातल्या पालोमार दुर्बिणीच्या पाच मीटर व्यासाच्या आरशाची काच 1934 च्या डिसेंबरमध्ये ओतली, ती थंड व्हायला दहा महिने लागले.

आता यांग यांच्या आवडीची दुसरी मूर्ती बघा, सहस्रभुज अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा हजार हातांचा बोधिसत्त्व. प्रेरणा चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या मोगाव लेण्यांतली. तिथल्या तिसऱ्या लेण्यात युआन काळातलं (तेरावं-चौदावं शतक) हे भित्तिचित्र आहे. (कान्हेरीच्या 41व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे, तो याच कुळातला.) चित्रकाराला हजार हात काढायला चिकाटी पुरते. काचेत मात्र पेन्सिलीएवढं बोट आणि वीतभर जाड धड एकाच तुकड्यात आलं, तर बोट लवकर निवतं, धड मागे राहतं, आणि जाडी एकदम बदलते त्या सांध्यालाच तडा जातो. शिवाय साचा फोडून काढायचा असतो, तोही बोटांच्या मधून.

जाडीचा एक फायदाही आहे. रंगीत काचेतून प्रकाश जितका लांब जाईल तितका तो शोषला जातो. एकाच हिरव्या काचेत कानाची पाळी जवळजवळ पांढरी दिसते आणि छाती गडद. शिल्पकार इथे रंग लावत नाही, जाडी कोरतो.

हे तंत्र आधुनिक काळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये पुन्हा उभं राहिलं, त्यामुळे ते युरोपचं समजलं जातं. पण चीनच्या हबेई प्रांतातल्या मानचंग इथे 1968 साली हान घराण्यातल्या ल्यू शंग या राजाची कबर उघडली, तेव्हा तिच्यात साच्यात घडवलेले हिरवट काचेचे कानवाले प्याले आणि एक थाळी निघाली. राजा इसवी सनपूर्व 113 मध्ये वारला. त्या काचेत शिसं आहे आणि बेरियमही. शिसं-बेरियमची अशी जोडी त्या काळच्या रोमन किंवा पश्चिम आशियाई काचेत आढळत नाही, म्हणून प्याले बाहेरून आलेले नसून चीनमध्येच घडवलेले आहेत, असं संशोधक मानतात.