काडीचं फूल: घरगुती गुच्छामागचा इतिहास

पुण्याच्या मार्केट यार्डातले फुलांचे भाव वर्तमानपत्रात छापून येतात. ते बारकाईने वाचले तर एकाच बाजारात दोन हिशेब चाललेले दिसतात. झेंडू, शेवंती, कापरी, सुट्टी गुलछडी किलोवर. डच गुलाब मात्र २० नगांवर, लिलियम नि ग्लॅडिओलस दहा काड्यांवर. गुलछडी आणि शेवंती तर यादीत दोनदा येतात, एकदा सुट्ट्या फुलांत आणि एकदा ‘काडी’ म्हणून, म्हणजे लांब देठासकट. घरी गुच्छ बांधायला बसणाऱ्याला लागतो तो सगळा माल या काडीच्या हिशेबातला. हा हिशेब आपल्याकडे तसा नवाच आहे.

याचं कारण साधं आहे. आपल्या फुलांच्या बहुतेक कामांना देठ लागतच नाही. हाराला सुई-दोरा लागतो, गजऱ्याला दोऱ्याची गाठ लागते, वेणीला केळीचं सोपट लागतं. कोकण-गोव्यात अबोली अशी गुंफतात की तिचा नाजूक देठ धाग्यातच अडकून जातो. परडीत पूजेसाठी खुडलेली फुलं तर फुलाच्या बुडाशीच तोडलेली. देवाला सकाळी वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं, संध्याकाळी माळलेला गजरा सकाळी उशीजवळ कोमेजलेला मिळतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फूल पाण्यात उभं करून आठवडाभर टिकवायचं, ही गरजच पडली नाही. त्यामुळे लांब दांडीच्या फुलाला गिऱ्हाईक नव्हतं, आणि गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर कोण पिकवणार?

गुच्छाच्या जवळ जाणारी आपली एक वस्तू म्हणजे तुरा. दरबारात निरोप देताना अत्तर, गुलाबपाणी, पान आणि हार-तुरे देण्याची रीत होती. लग्नाच्या पानसुपारीत ती परवापरवापर्यंत टिकली. पण तुरा हातात धरायचा किंवा पागोट्यात खोचायचा, फुलदाणीत ठेवायचा नाही.

युरोपात उलटं घडलं. तिथे थंडीचे महिने लांब, घरं बंदिस्त, आणि एक चुकीची समजूत शतकानुशतकं पक्की बसलेली: रोग दुर्गंधीतून पसरतो. मग नाकाशी धरायला सुगंधी फुलापानांची जुडी हवीच. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात १७५० साली शेजारच्या न्यूगेट तुरुंगातल्या कैद्यांकडून ‘जेल फीव्हर’ पसरला. हा ताप म्हणजे टायफस, आणि तो उवांमुळे होतो. त्यात लॉर्ड मेयर आणि न्यायाधीशही दगावले. त्यानंतर कोर्टात सुगंधी वनस्पती पसरण्याची आणि न्यायाधीशांनी हातात फुलांची जुडी बाळगण्याची प्रथा पडली. उवांवर तिचा ढिम्म परिणाम होत नव्हता, तरी ओल्ड बेलीचे न्यायाधीश काही औपचारिक दिवशी आजही ती घेऊन येतात. मुठीत मावेल अशा गोल गुच्छाचा हा एक पूर्वज.

दुसरा पूर्वज कागदावरचा, किंबहुना कॅनव्हासवरचा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी रंगवलेले भरगच्च पुष्पगुच्छ आपण कॅलेंडरांवर पाहिलेले असतात. त्यातले बरेचसे प्रत्यक्षात कधी बांधलेच गेले नव्हते. वसंतातला ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एका फुलदाणीत यायचे कसे? चित्रकार प्रत्येक फुलाचा अभ्यास त्याच्या त्याच्या मोसमात करून ठेवत आणि मग एकत्र मांडत. यान व्हान हाउसुम या चित्रकाराचं एक चित्र तर पिवळा गुलाब मिळेना म्हणून अडून राहिलं होतं. पुढे हरितगृहांनी जे केलं, ते या चित्रांमधलं अशक्य प्रत्यक्षात आणणंच होतं.

व्हिक्टोरियाच्या काळात गुच्छ मध्यमवर्गीय घरात आला, पण तिथे त्याला शिष्टाचाराचा काच बसला. कुठलं फूल म्हणजे कुठला निरोप, याची कोष्टकं छापली जात. १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने निघालेल्या पुस्तकापासून हे पीक माजलं. मला यातलं फारसं काही खरं वाटत नाही. दोन पुस्तकांत एकाच फुलाचे अर्थ वेगळे असत, तेव्हा निरोप पोचायचा कसा?

हा काच सैल केला कॉन्स्टन्स स्प्रायने. बाई मूळच्या शिक्षिका. पूर्व लंडनमध्ये कामगार मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. १९२९ साली त्यांनी लंडनमध्ये फुलांच्या सजावटीचं दुकान काढलं. श्रीमंत गिऱ्हाइकांच्या दिवाणखान्यात त्या कुंपणावरच्या वेली, सुक्या बोंडांच्या फांद्या, केल या कोबीच्या जातीतल्या भाजीची पानं, अगदी रानटी गवतसुद्धा मांडू लागल्या. भांडंही काचेचंच हवं असं नाही, स्वयंपाकघरातलं कुठलंही चालेल, असं त्यांचं म्हणणं. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या फुलांचं काम त्यांच्याकडे होतं. तरी त्यांचं खरं काम घरच्या बाईला धीर देण्याचं होतं: परसात आहे तेच घे, हाताने जमव. आज कुणी कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या आणि कढीपत्त्याची डहाळी गुलाबांत खोचत असेल, तर ते याच विचाराला धरून आहे, बाईंचं नाव ऐकलेलं असो वा नसो.

आपल्याकडे गुच्छ साहेबाबरोबर आला आणि सत्काराच्या टेबलावर जाऊन बसला. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनात पुष्परचनेच्या स्पर्धा होतात, त्यांतून फुलदाणीची हौस थोडीफार घरात शिरली. पण बहुसंख्य लोकांच्या ओळखीचा ‘बुके’ म्हणजे शाल-श्रीफळाबरोबरचा. तो बांधायचे हारवालेच. समोरून सपाट, पंख्यासारखा, मागे कामिनीची डहाळी, मध्ये गुलाब, वर गुलछडीच्या काड्या, सगळ्यावर चुरचुरणारा पारदर्शक कागद. उघड्या शेतातल्या गुलाबाचा देठ आखूड असला की हारवाले त्याला खराट्याचा हीर नाहीतर बांबूची काडी लावून उंची देत. म्हणजे दांडी नव्हती तर ती वरून जोडायची. असा बुके दोन तासांचा धनी. तो सोडवून फुलं पाण्यात ठेवायला गेलं की निम्मी हिरावरून गळून हातात येतात.

चित्र पालटलं १९९१ नंतर. आयात-निर्यातीची बंधनं सैल झाली आणि पुणे, बंगळूर, हैदराबादच्या परिसरात निर्यातीसाठी फुलं पिकवणारी हरितगृहं उभी राहिली. रोपं आणि तंत्र मुख्यतः हॉलंड नि इस्रायलचं. मावळची हवा गुलाबाला मानवली: उन्हाळा फार कडक नाही, रात्री गार, द्रुतगती मार्गाने मुंबईचा विमानतळ जवळ. तळेगाव दाभाडेला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क झालं. ‘टॉप सिक्रेट’, ‘ताजमहाल’ ही गुलाबाच्या जातींची नावं मावळातल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात रुळली. इथे गुलाबाची किंमत फुलाच्या आकाराइतकीच दांडीवर ठरते. ४० सेंटिमीटर, ५०, ६० अशी प्रतवारी होते, कळीला जाळीची टोपी चढते, २० फुलांची जुडी पन्हळी पुठ्ठ्यात गुंडाळून शीतगृहात जाते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात परदेशी मागणी असते. उरलेलं वर्ष माल देशातच खपवायचा असतो, आणि तोच दादरच्या फूलबाजारात, मार्केट यार्डात, तिथून कोपऱ्यावरच्या दुकानात येतो. घरगुती गुच्छाची सोय झाली ती अशी, जवळजवळ योगायोगाने.

शेवंतीची गोष्ट आणखी मजेची. ती मुळात दिवस लहान होऊ लागले की कळ्या धरणारी, म्हणून दसरा-दिवाळीपासून थंडीपर्यंत तिचा बहर. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू नि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवून दिलं की फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं. आता हरितगृहात संध्याकाळी लवकर काळं कापड ओढून रात्र लांबवतात, आणि शेवंतीची काडी भर मे महिन्यातही मिळते.

काडी हाती आल्यावर मग बांधणीचा प्रश्न. हारवाल्याची बांधणी समोरून दिसण्यासाठी, युरोपीय फूलवाल्यांची हातबांधणी चारी बाजूंनी. मधलं मोठं फूल डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत धरायचं. पुढची प्रत्येक काडी त्याच बिंदूवर, नेहमी एकाच दिशेला तिरकी टेकवायची आणि दर दोन-तीन काड्यांनंतर जुडी थोडी फिरवायची. काड्या खाली गोल जिन्यासारख्या उलगडत जातात. एखादी उलट दिशेने घातली की दांडे एकमेकांत अडकतात, वाकतात, आणि फुलं वर घुसमटतात. जमलं की नाही हे सुतळीने बांधून खालची टोकं सारखी कापल्यावर कळतं, कारण नीट बांधलेला गुच्छ टेबलावर आपल्या पायावर उभा राहतो. पहिल्यांदा जरबेरा घेऊ नये. त्याची दांडी पोकळ आणि लवदार, दाबली की मोडते, खोल पाण्यात कुजते. त्याला दोन-तीन बोटं पाणी पुरे.

हे कौशल्य मध्यंतरी मागे पडलं ते हिरव्या स्पंजामुळे. १९५४ साली ओहायोतल्या व्हर्नन स्मिदर्स यांनी पाणी शोषणारा फोम फूलवाल्यांसाठी बाजारात आणला. काडी खुपसली की उभी, हाताला वळण लागण्याची गरजच नाही. लग्नाच्या मांडवापासून टोपलीतल्या सजावटीपर्यंत तो सगळीकडे गेला. पण तो प्लास्टिकचाच, कुजत नाही, चुरा होऊन गटारात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली, आणि फूलवाले पुन्हा जाळी, डहाळ्यांची गुंतवळ आणि सुतळीकडे वळू लागले. घरी तर त्याची गरज कधीच नव्हती.

टिकवण्याचं शास्त्र थोडक्यात असं. कापलेल्या टोकातून हवेचा बुडबुडा आत गेला की पाणी वर चढत नाही, म्हणून गुलाब बादलीतल्या पाण्याखाली तिरका कापावा. पाण्यात बुडणारी पानं काढावीत, नाहीतर जिवाणू माजतात. चमचाभर साखर, थोडा लिंबाचा रस आणि ब्लीचचा थेंब-दोन थेंब, याहून महाग पुडीची गरज नाही. आणि एक आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी: पिकत्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो, आणि कार्नेशन त्याला फार लवकर बळी पडतं. पाकळ्या आत मिटतात आणि फूल पुन्हा उघडत नाही. पेटी ज्या खोलीत अढी घालून ठेवली असेल, त्या खोलीत कार्नेशनचा गुच्छ नको.