मांतोन दे मनीला (मनीला शाल)

मांतोन दे मनीला म्हणजे स्पेनमधली मोठी चौकोनी रेशमी शाल, अंगभर रेशमानंच भरतकाम केलेली आणि चारी बाजूंना लांबलचक गाठींची झालर सोडलेली. फ्लामेंको नाचणाऱ्या बाईच्या हातात जी जड शाल गरागरा फिरताना दिसते ना, तीच ही. स्पॅनिशमध्ये मांतोन म्हणजे मोठी शाल. आता नावात मनीला आहे खरं, पण मनीलात ती बनत नव्हती, तिथून फक्त जहाजात चढायची. बनायची चीनमध्ये, कॅन्टनला म्हणजे आजच्या ग्वांगझूला, आणि तिथलं भरतकाम करणारे बरेचसे पुरुष कारागीर होते हे पण सांगून ठेवतो, कारण भरतकाम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बायकाच येतात.

फिलिपिन्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात. 1565 पासून 1815 पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, मनीला ते मेक्सिकोतलं अकापुल्को अशी स्पॅनिश गलबतं जा-ये करत होती. मनीलाकडे येताना अमेरिकेतली चांदी यायची आणि अकापुल्कोला परतताना चीनचं रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले असा माल भरायचे. चिनी व्यापाऱ्यांची मनीलात पारियान नावाची वेगळी वस्तीच होती. अकापुल्कोला उतरलेला माल खेचरांवर लादून मेक्सिको ओलांडायचा, वेराक्रूझला परत जहाजात, मग अटलांटिक पार करून स्पेनमधलं सेव्हिल नाहीतर काडिझ. एवढे हात बदलल्यावर स्पेनमधल्या गिऱ्हाईकाला कॅन्टन कुठून माहीत असणार, त्याच्या लेखी माल मनीलाचा.

यातली गंमत म्हणजे शालीचा खरा बहर 19 व्या शतकातला, म्हणजे गलबतांचा तो जुना मार्ग बंद पडल्यावरचा! आज म्युझियममध्ये किंवा जुन्या घरांतल्या पेट्यांत जे नग सापडतात ते बहुतेक त्या शतकातलेच आहेत. तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

सुरुवातीच्या शालींवर नक्षी अगदी चिनी असायची. पॅगोडे, बांबू, पूल, ड्रॅगन, छत्रीवाली माणसं, आणि काहींवर तर या माणसांचे चेहरे हस्तिदंताच्या बारीक चकत्यांचे, त्यावर नाक-डोळे रंगवलेले. हळूहळू स्पेनची आवड कॅन्टनच्या कारखान्यांपर्यंत पोचली आणि ड्रॅगन गेले, फुलं वाढली. पिओनीची जागा गुलाबानं घेतली, कार्नेशन आलं, पक्षी-फुलपाखरं मात्र टिकली. भरतकाम बहुतेक सॅटिन स्टिचचं (एकमेकांना लागून घातलेले सरळ टाके), न पिळलेल्या मऊ रेशमाचं, म्हणून ते चमकतं. आणि चांगल्या शालीची खरी ओळख अशी की उलट-सुलट बाजू कळतच नाही, मागे गाठ नाही, लोंबता धागा नाही. कारण ही शाल तिरकी दुमडून घेतात, वाऱ्यानं उडाली की आतली बाजू दिसणारच.

माझ्या मते मात्र शालीत बघायची गोष्ट झालर आहे. भरतकाम चीनचं, कापड चीनचं, पण ती जाळीदार गाठींची रुंद झालर आंदालुसियातली, म्हणजे दक्षिण स्पेनमधली, तिचं मूळ अरबांच्या गाठकामात सांगतात. गाठी मारून विणण्याच्या कामाला मॅक्रेमे म्हणतात, तो शब्दसुद्धा अरबीतूनच आलाय. सुरुवातीच्या शालींची झालर आखूड आणि साधी, नंतर ती लांबतच गेली. सेव्हिलच्या आसपास कांतियाना, विल्यामान्रिके दे ला कोंदेसा अशा गावांत हे काम बायका घरी बसून करायच्या, पुढे भरतकाम पण तिथेच व्हायला लागलं आणि आजही होतं. शाल नाचताना जी फिरते ती या झालरीच्या वजनामुळे, नुसतं रेशीम असतं तर ओढणीसारखं भुरकन उडून गेलं असतं.

वापरायचं कोण? आधी पैसेवाल्या बायका, मग फॅशन पालटली तशी शाल खाली उतरत गेली आणि सेव्हिलच्या तंबाखू कारखान्यातल्या सिगार वळणाऱ्या कामगार बायकांपर्यंत आली. (ती कारखान्याची भव्य इमारत आता सेव्हिल विद्यापीठाकडे आहे.) तंबाखूच्या गठ्ठ्यांना गुंडाळून आलेलं रेशीम या बायकांनी उचललं आणि शाल जन्मली अशी एक गोष्ट सांगतात, पण महागडं रेशीम कोण गुंडाळायला वापरेल, मला तरी ती पटत नाही. माद्रिदमध्ये ऑगस्टमधल्या पालोमाच्या जत्रेत अजून बायका ही शाल घेऊन मिरवतात, 1894 मध्ये त्याच जत्रेवर रंगमंचावर आलेल्या संगीतिकेत या शालीचं गाणंही आहे. सणाला ती बाल्कनीवर टाकतात, बुलफाइटला कठड्यावर. 1920 च्या दशकात युरोप-अमेरिकेत तर पियानोवर अंथरायची फॅशन आली होती. फ्लामेंकोत नर्तकी ब्लांका देल रेय यांनी शाल घेऊन केलेला सोलेआ (फ्लामेंकोचाच एक प्रकार) प्रसिद्ध आहे, त्यात शाल जणू दुसरी नर्तकीच होऊन जाते.

आपल्या मुंबईशी एक धागा आहे. त्याच 19 व्या शतकात पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला जायचे आणि परतताना घरच्यांसाठी भरतकाम केलेलं रेशीम आणायचे, तीच गारा साडी. गाऱ्यावर पॅगोडे आणि चिनी माणसं असलेल्या नक्षीला पारशी चीना-चीनी म्हणतात, ठिपक्यांच्या गोल नक्षीला चक्क कांदा-पपेटा, आणि करोलिया म्हणजे कोळी, जे खरं तर शेवंतीचं फूल आहे! शहर एकच, टाके तेच, फक्त एका गिऱ्हाईकाला साडीचा पन्ना हवा होता आणि दुसऱ्याला चौकोन. जुन्या मुंबईतल्या एखाद्या पारशी घरातला गारा आणि सेव्हिलमधली शाल शेजारी ठेवली तर झालर सोडून फरक सांगायला वेळ लागेल.