कट-ऑफच्या अलीकडे आणि पलीकडे

जेईईचा निकाल लागला की नागपुरात धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत चौकाचौकांत क्लासेसचे फ्लेक्स झळकतात. फोटोखाली रँक, रँकखाली संस्थेचं नाव. त्याच सुमारास कितीतरी घरांत एकच खल चालू असतो: नागपुरातलंच व्हीएनआयटी हे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळतंय, आयआयटी थोडक्यात हुकलं, तर एक वर्ष ड्रॉप घ्यायचा का? यावर नातेवाईक भरपूर बोलतात. संशोधकांना काय आढळलं, ते मात्र त्या घरांपर्यंत पोचत नाही. ते पोचायलाच हवं, कारण पणाला लागलेलं असतं अठरा वर्षांच्या पोराचं एक आख्खं वर्ष.

नामांकित संस्थेतली मुलं पुढे जास्त कमावतात, हे खरंच आहे. पण तेवढ्यावरून ती कमाई संस्थेमुळे झाली असं ठरत नाही. सगळ्या आयआयटींत मिळून जागा सुमारे १८ हजार, आणि जेईई मेन देणारे दहा लाखांहून जास्त. इतक्यांतून निवडलेली मुलं दुसरीकडे शिकली असती तरी पुढे गेली असती का? एकच मुलगी दोन कॉलेजांत पाठवून बघता येत नाही, म्हणून हे तपासणं अवघड.

त्यातून वाट काढली ती कट-ऑफनेच. कट-ऑफच्या एक गुण वर असलेला आणि एक गुण खाली राहिलेला, या दोघांच्या कुवतीत फरक असा नसतोच. परीक्षेच्या दिवशी एकाला एक सूत्र आठवलं, दुसऱ्याला नाही. पण एकाला प्रवेश मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. पुढे या दोन गटांत जी तफावत दिसेल, ती मग संस्थेच्या खात्यावर टाकता येते. ही पद्धत अमेरिकेत १९६० साली शिष्यवृत्तीच्या अभ्यासासाठी पहिल्यांदा वापरली गेली. पुढे बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या नामवंत शाळांना ती लावली, तेव्हा कट-ऑफच्या दोन्ही बाजूंच्या मुलांच्या पुढच्या परीक्षांतल्या गुणांत जवळपास फरकच निघाला नाही.

आपल्याला जास्त जवळचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ शीतल सेखरी यांचा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी भारतातल्या नामांकित सरकारी कॉलेजांच्या कट-ऑफभोवतीचे विद्यार्थी घेतले. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांचे पगार पुढे जास्त निघाले. पण पदवीच्या शेवटच्या परीक्षेत? तिथे दोन्ही गट सारखेच. शिक्षणात फरक नाही आणि पगारात आहे! माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच.

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये यामागची यंत्रणा मांडली होती. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. कंपनीला समोरच्या मुलाचं कसब थेट दिसत नाही. मग ती पदवीवरचं नाव बघते. अवघड प्रवेश परीक्षा पार केली म्हणजे पोरगा हुशार असणार, एवढा अंदाज तिला पुरतो. चार वर्षांत वर्गात काय शिकवलं, हा प्रश्न मुलाखतीच्या आधीच बाजूला पडतो.

मग कसब दिसायला लागलं तर? दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात तेच घडलं. तिथे पदवीच्या शेवटी विषयवार सामाईक परीक्षा सुरू झाली, तिचे गुण कंपन्यांपर्यंत जाऊ लागले आणि कॉलेजच्या नावामुळे मिळणारा जादा पगार घटला.

तरीही नाव पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा माग घेतला. सारख्याच तोलाच्या कॉलेजांनी स्वीकारलेल्या मुलांपैकी काहींनी कमी नावाजलेलं कॉलेज निवडलं होतं. त्यांची सरासरी कमाई इतरांइतकीच भरली. अपवाद होता गरीब घरच्या मुलांचा. त्यांना मोठ्या कॉलेजाचा खरोखर फायदा झाला. कारण समजण्यासारखं आहे. ज्याच्या घरी आधीच इंजिनिअर, डॉक्टर आहेत त्याला ओळखी घरातच मिळतात. गडचिरोलीहून किंवा भंडाऱ्याहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्या मुलीसाठी वरच्या बॅचचे सीनियर आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या हाच काय तो आधार. तिच्यासाठी संस्थेच्या नावाची किंमत वेगळी, आणि तिने त्यासाठी जीव तोडून प्रयत्न केला तर तिला कुणी नावं ठेवू नयेत.

बाकीच्यांनी ड्रॉपचा हिशेब जरा थंड डोक्याने करावा. कसब थेट दाखवायची एक सोय आपल्याकडेही आहे: गेट, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदवीच्या शेवटी देता येणारी देशपातळीवरची परीक्षा. मौद्याला जिचं वीज केंद्र आहे ती एनटीपीसी नवे इंजिनिअर घेताना गेटचे गुण बघत आली आहे, इतर सरकारी कंपन्याही बघतात, आणि एम.टेक.साठी आयआयटीचा दरवाजा त्याच गुणांवर उघडतो. व्हीएनआयटीतून द्या की हिंगणा रोडवरच्या एखाद्या कॉलेजातून, पेपर सगळ्यांना तोच असतो.